शिंदी : कोयता कुठे पडला त्याची गोष्ट

लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडली जाणारी केरसुणी ही शिंदीची लेक. लेकीला हळदकुंकू मिळतं, आईकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. शिंदी मुद्दाम लावायची पद्धत आपल्याकडे नाही. कोल्हे, उदमांजरं आणि पाखरं फळं खाऊन बिया टाकतात. मग ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर, पाणथळ पडिकात ती आपली आपण उगवते. कडेला उगवली म्हणून राहते आणि आडवी आली की जाते. पण तिच्या अंगावर कुठल्या मुलखात कोयता कुठे पडला एवढं नीट पाहिलं, तरी तिचा बराचसा इतिहास हाती लागतो.

अरबस्तानातल्या खजुराच्याच कुळातली ही. झाड दहा-पंधरा मीटरपर्यंत वाढतं. खोडावर गळलेल्या झावळ्यांचे खुंट राहतात आणि डोक्यावर करड्या-हिरव्या झावळ्यांचा गच्च घेर असतो. ताडाचं पान पंख्यासारखं पसरट, तर हिची झावळी पिसासारखी, मधल्या दांड्याला दोन्हीकडून पाती. देठाजवळच्या पात्यांचे मात्र लांब, कडक काटे झालेले असतात, त्यामुळे झावळी तोडणाऱ्याच्या हातावर हमखास ओरखडे दिसतात. नर आणि मादी झाडं वेगळी. उन्हाळ्याच्या शेवटी मादीवर नारिंगी-पिवळ्या फळांचे घड लोंबतात. फळाला गर जेमतेम, बाकी सगळी बी. गुरं राखणारी पोरं ती चघळत बसतात, पण बाजारात त्यांना किंमत नाही. खजुरासारखी फळासाठी हिची बाग कुणी केली नाही, ती यामुळेच.

शास्त्रीय नावाच्या वाटेवर एक कोकणी दुवा आहे. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने तिथल्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्याच्या मदतनिसांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणीभाषक वैद्य होते आणि त्यांचं नागरी लिपीतलं निवेदन पहिल्या खंडात आहे. शिंदीचं वर्णन आणि चित्र याच ग्रंथात आलं. लिनीयसने १७५३ मध्ये त्याचाच आधार घेऊन झाडाला नाव दिलं, पण खजुरापासून वेगळ्या प्रजातीत टाकून. पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम केलेल्या विल्यम रॉक्सबर्गने तिला खजुराशेजारी आणून बसवलं आणि ती ‘फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस’ झाली.

आता रसाकडे येऊ. माड आणि ताड छेदतात ते फुलोऱ्याशी. शिंदीचं तसं नाही. तिच्या शेंड्याखालच्या एका बाजूच्या झावळ्या काढतात, आतला कोवळा भाग सोलून गुळगुळीत करतात, थोडे दिवस सुकू देतात आणि मग धारदार कोयत्याने पातळ काप घेतात. कापाच्या खालच्या टोकाला बांबूची पन्हळी ठोकायची, खाली मडकं बांधायचं, की रात्रभर थेंब थेंब रस जमतो. हा रस खोडातून येत असल्यामुळे नर-मादी दोन्ही झाडं सारखीच उपयोगी. काप जरा खोल गेला आणि कोंब दुखावला, तर झाड मरतं, कारण ताडकुळात वाढीचा डोळा बहुधा एकच असतो. म्हणून पुढच्या हंगामात काप उलट्या बाजूला घेतात. वर्षं उलटतात तसं खोड नागमोडी होतं आणि खाचा मोजून झाड किती हंगाम छेदलं ते सांगता येतं.

हे खरं पाहावं ते बंगालात, दोन्हीकडच्या. हिवाळ्यात तिथला शिउली, म्हणजे रस काढणारा, संध्याकाळी मडकी बांधतो आणि उजाडायच्या आत उतरवतो. ऊन चढलं की रस आंबायला लागतो, म्हणून पहाटेच चूल पेटवून तो आटवतात. त्याचाच नोलेन गूळ होतो, ज्याच्या वासासाठी बंगाली माणूस वर्षभर थांबतो. तीन-चार दिवस काप घेतले की झाडाला तितकेच दिवस विसावा देतात, आणि विसाव्यानंतरचा पहिला रस सर्वांत गोड मानतात. जेसोरकडे या गुळापासून साखर करण्याचे मोठे कारखाने होते. जेम्स वेस्टलंड या अधिकाऱ्याने १८७१ च्या आपल्या जिल्हा-अहवालात त्या धंद्याचं बारकाईने वर्णन केलं आहे. याच रसाला अलीकडे एक भीतीही चिकटली आहे. बांगलादेशात रात्री कॅमेरे लावून पाहिलं, तर वटवाघळं मडक्याच्या तोंडाशी येऊन रस चाटताना दिसली, आणि कच्च्या रसातून निपाह विषाणू माणसात उतरतो हे लक्षात आलं. तेव्हापासून कापावर बांबूच्या कामट्यांचं झाकण बांधायला सांगतात. गूळ उकळून होतो, त्यामुळे त्याला तो धोका नाही.

झाड तेच, रस तोच. मग आपल्याकडे शिंदी म्हटलं की गूळ न आठवता ताडीच का आठवते? हवामान हे एक कारण. थंडी जितकी कडक, तितका रस टिकतो. पण सरकारी तिजोरीचा हात त्याहून मोठा, असं मला वाटतं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने रसाच्या झाडांवर कराचा फास आवळला, आणि रस काढणाऱ्या भंडारी समाजाने त्याविरुद्ध आवाज उठवला. निजामाच्या राज्यात, म्हणजे मराठवाड्यातही, शिंदीचे मक्ते उत्पन्नाचं चांगलं साधन होते. ज्या झाडावर सरकारचा आकडा पडतो, त्याचा गूळ करायला शेतकरी कशाला जाईल? वर्ध्यात १९३४ मध्ये निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचा उद्योग हाती घेतला, गजानन नाईकांनी त्यासाठी खूप कष्ट घेतले, तरी तो घरोघरी पोचला नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर तर परवान्याशिवाय झाड छेदणंच गुन्हा झाला. रस्त्याकडेला नीरेची, म्हणजे न आंबलेल्या रसाची, केंद्रं दिसतात, ती या परवान्याच्या चौकटीतली.

उरलं पान, ज्यावर कर नव्हता. झावळ्या तोडून उन्हात वाळवायच्या, पाती चिरून बारीक करायची, जुडी ठोकून सारखी करायची आणि मूठ पातीच्याच वळलेल्या पट्टीने आवळायची. हे काम पिढ्यान् पिढ्या मुख्यतः मातंग समाजाच्या हातचं. वस्तू देवघरात आणि ती करणारे हात उंबऱ्याबाहेर, असा हा आपला हिशोब राहिला, आणि पूजेच्या दिवशी तो कुणाला खटकला नाही. पात्यांच्या चटया होतात, टोपल्या होतात. पोखरलेलं खोड पाटाच्या पाण्याला पन्हळ म्हणून चालायचं. बस्तरात याच झाडाला छिंद म्हणतात आणि त्याच्या कोवळ्या पानांचा मोड, म्हणजे मुकुट, नवरानवरीच्या डोक्याला बांधतात. सुगरण पक्षीसुद्धा याच पात्यांचे धागे सोलून नेतो आणि काट्यांच्या आसऱ्याने झावळ्यांच्या टोकाला खोपे टांगतो.

प्लॅस्टिकच्या झाडूने केरसुणीचा रोजचा खप खाल्ला, आता तिचा बाजार उरला दिवाळीपुरता. शिंदीला मात्र नवं गिऱ्हाईक मिळालं आहे. मोठी झाडं मुळांच्या गड्ड्यासकट उपटून हॉटेलं आणि बंगल्यांच्या आवारात रांगेने लावतात. अमेरिकेत फ्लोरिडातही तिला शोभेचं झाड म्हणून मागणी आहे. खोडावरचे खुंट तासून चौकटीची नक्षी काढतात, आणि पिकलेली फळं फरशीवर पडून डाग पडू नयेत म्हणून घड कोवळे असतानाच छाटून टाकतात.