कडू-तुरटाचे कार्य

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेलगत निर्णा नावाचे गाव आहे. कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा कानी पडाव्यात असा हा मुलूख. या मुलखाच्या कोरड्या माळांवर, बाभळीच्याच कुळातला पण फिकट खोडाचा एक काटेरी वृक्ष आढळतो. मराठीत त्याला हिवर म्हणतात, कानडीत बिळिजाली. सावली आणि सरपण यांपलीकडे या वृक्षाचा काही उपयोग असेल असे आज सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु इंग्रजांनी त्याला ‘दारू गाळणाऱ्यांची बाभूळ’ अशा अर्थाचे नाव दिले होते. ते नाव का पडले, याचा शोध घेऊ लागले म्हणजे मनुष्याच्या एका अतिप्राचीन घरगुती विद्येशी आपण येऊन पोहोचतो.

कोणताही गोड रस उघडा राहिला की आंबतो, हे कोणा पंडिताने सांगावे लागत नाही. शिंदीचा रस पहाटे नीरा असतो आणि दिवस वर येईतो ताडीच्या वाटेला लागलेला असतो. रसातील साखरेचे मद्य होणे ही पहिली पायरी, आणि मद्य बिघडून आंबटढाण होणे ही दुसरी. पहिली पायरी निसर्ग आपण होऊन चढतो. दुसरीवर त्याला अडवावयाचे, तर मनुष्याला काही उपाय योजावा लागतो. जगातील बहुतेक समाजांनी हा उपाय कडू आणि तुरट वनस्पतींत शोधला.

युरोपात या कामी हॉप्स नावाची वेल पुढे आली. तिच्या हिरव्या बोंडांत पिवळी, राळेसारखी भुकटी असते. उत्तर फ्रान्समधील कॉर्बी येथील मठाचा अधिपती आडालहार्ड याने 822 मध्ये घालून दिलेल्या नियमांत हॉप्सचा उल्लेख येतो. पुढे बाराव्या शतकात राइन नदीकाठची मठाध्यक्षा हिल्डेगार्ड हिने लिहून ठेवले की, ही वनस्पती मनुष्याच्या मनात खिन्नता वाढविते खरी, पण तिचा कडूपणा पेयांना कुजण्यापासून वाचवितो. आधुनिक रसायनशास्त्राने तिच्या म्हणण्याचा उत्तरार्ध खरा ठरविला आहे. हॉप्समधील कडू द्रव्ये विरजणाच्या जातीच्या जंतूंना रोखतात, मात्र मद्य करणाऱ्या किण्वाला फारसा अपाय करीत नाहीत. 1516 मध्ये बव्हेरियाच्या राजाज्ञेने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांवाचून दुसरे काही घालण्यास बंदी केली. अठराव्या शतकात विलायतेहून हिंदुस्थानाकडे निघणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स अधिक घालीत, ते या दीर्घ सागरप्रवासात ती टिकावी म्हणूनच.

सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या सायडर या पेयाला मात्र हॉप्सची गरज भासली नव्हती. फ्रान्समधील नॉर्मंडी आणि इंग्लंडमधील हेरफर्डशायर येथे सायडरसाठी राखलेली सफरचंदे स्वभावतःच तुरट असतात. फळाचे आम्ल आणि टॅनिन हेच त्या पेयाचे पहारेकरी. परंतु बाजारात मिळणारी खाण्याची सफरचंदे गोड आणि सौम्य असतात, त्यांचा सायडर सपक लागतो. म्हणून गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांतील हौशी गृहस्थांनी त्यात हॉप्स घालून पाहिले. या प्रयोगाची खुबी लक्षात घेण्याजोगी आहे. हॉप्स उकळले तरच त्यांचा कडूपणा नीट उतरतो, आणि सायडर तर उकळीत नाहीत. तेव्हा आंबवण संपत आल्यावर एका लिटरला ग्रॅम-दोन ग्रॅम हॉप्स थंडच टाकतात आणि काही दिवसांनी काढून घेतात. अशाने सुगंध येतो, कडूपणा बेताचाच राहतो. हॉप्स फार दिवस राहिले तर पेयाला गवताचा वास मारतो.

थंड घालावे की उकळून घालावे, हा भेद ज्यांना नवा वाटतो त्यांनी आपल्या वैद्यकाकडे वळून पाहावे. शार्ङ्गधरसंहितेत औषधी न उकळता केलेल्या आंबवणाला आसव म्हटले आहे आणि काढा करून केलेल्याला अरिष्ट. प्रमाण सांगितलेले नसेल तेथे एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दहावा हिस्सा औषधी, असा हिशेबही तेथे दिला आहे. अरिष्ट या शब्दाचा एक मूळ अर्थच ‘ज्याला अपाय झालेला नाही ते’ असा आहे. आणि या आसवारिष्टांत वारंवार घातली जातात ती धायटीची तांबडी फुले. त्यांत टॅनिन असते, तसेच फुलांतील मधाबरोबर किण्वही येते. म्हणजे धायटी एकाच वेळी आंबवण सुरूही करते आणि सांभाळतेही. हॉप्सला ही दोन्ही कामे साधत नाहीत.

याहूनही मागे जावयाचे तर कौटिल्याचे अर्थशास्त्र आहे. त्याचे हस्तलिखित म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती 1905 मध्ये आले आणि 1909 मध्ये ते छापले गेले. त्यातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात आसवाची कृती आहे: कवठ शंभर पल, काकवी पाचशे पल, मध एक प्रस्थ. सफरचंदाच्या जागी दख्खनच्या माणसाला परिचित असलेले कवठ ठेवले की हा आपल्याकडील सायडरच झाला. त्यात घालावयाचा मसालाही सांगितला आहे. दालचिनी, चित्रक, वावडिंग आणि गजपिंपळी एक एक कर्ष. सुपारी, ज्येष्ठमध, नागरमोथा आणि लोध्र दोन दोन कर्ष. सुपारी आणि लोध्र ही दोन्ही तुरट आहेत, आणि त्यांचे माप दुप्पट आहे. याच प्रकरणात कुटुंबवत्सल माणसाला सणाकार्यासाठी आणि औषधासाठी घरी पेय करण्याची मुभा दिलेली आढळते. उत्सव-यात्रांच्या वेळी ती चार दिवसांची असे.

निर्ण्याच्याच बिदर जिल्ह्यात बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी आहे. हिल्डेगार्ड हयात होती त्याच काळात येथे तिसरा सोमेश्वर (1126–1138) राज्य करीत होता. त्याच्या नावे असलेल्या मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या इतर क्रीडांबरोबर मदिरापानाचाही अध्याय आहे. त्याच शतकात याच नगरीत बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांत हेंडद मारय्या होता. हेंड म्हणजे ताडी, तीच विकणे हा त्याचा धंदा. त्याची काही वचने आजही उपलब्ध आहेत. राजाच्या ग्रंथात मद्य विलास म्हणून आले आणि शरणांच्या मेळ्यात ते विकणारा माणूस आदराने बसला, हे दोन्ही एकाच गावचे. पुढे 1470 च्या सुमारास बहामनी बिदरात राहिलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन याने या देशातील नारळाची दारू आणि ताडीसारखे पेय टिपून ठेवले. ते सांगताना त्याला आपल्याकडील ‘ब्रागा’ या घरगुती आंबवणाचेच नाव सुचले.

आता हिवराकडे परत येऊ. गुळाची किंवा ताडीची दारू गाळणारे लोक रसात हिवराची साल टाकीत. सालीतील टॅनिनमुळे रसातील गढूळ द्रव्य तळाशी बसे आणि रस निवळे. हे ज्ञान पोथीत नव्हते, हाताच्या सवयीत होते. त्या हातांवर सरकारी अंमल बसत गेला. निजामाच्या राज्यात आबकारी हे महसुलाचे मोठे अंग होते. शेजारच्या मुंबई इलाख्यात 1878 चा आबकारी कायदा आला, आणि 1892 च्या कायद्याने ठाणे-कुलाबा या जिल्ह्यांत मोहफुले घरी बाळगण्यावरही निर्बंध आले. आज कर्नाटकात 1965 च्या कायद्याखाली परवान्यावाचून मद्य करता येत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पाहिली म्हणजे अशा निर्बंधांमागील लोककल्याणाची बाजू नाकारता येत नाही. परंतु चोरून चालणाऱ्या हातभट्टीत काय घडले तेही पाहिले पाहिजे. तेथे सालीला वाट पाहण्याइतका अवकाश उरला नाही. पिंपात नवसागर पडू लागला.

भांड्यात काय टाकले, यावरून करणाऱ्याचा हेतू ओळखता येतो. धायटी, लोध्र, हिवर, हॉप्स ही सारी सांभाळण्यासाठी टाकलेली द्रव्ये. नवसागर हा घाईचा साथी. धायटी अजून वैद्यांच्या कारखान्यांत टिकून आहे, कारण औषधाच्या आसवाला कायद्याने जागा ठेवली. हिवर मात्र निर्ण्याच्या मुलखात माळावर उभा आहे, आणि त्याच्या सालीचा गुण जाणणारे हात विरळ होत चालले आहेत. जुने पेय पुन्हा सुरू करावे असा याचा अर्थ नव्हे. त्यामागील ज्ञान मात्र वेळीच विचारून लिहून ठेवावे, एवढे ऋण आपल्यावर आहे.