टेबलावरचा सर्व्हर

‘सर्व्हर’ म्हटले की डोळ्यांपुढे येतात वातानुकूलित खोल्या आणि त्यांत रांगेने उभी असलेली कपाटाएवढी यंत्रे. अशी यंत्रे आहेतच. परंतु जगातला पहिला वेब सर्व्हर एका माणसाच्या टेबलावर मावणारा होता. सर्व्हर ही यंत्राची जात नव्हे, ते यंत्राला नेमून दिलेले काम आहे. हे काम कोणी करायचे, याचा इतिहास उद्बोधक आहे.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत अनेक देशांतले भौतिकशास्त्रज्ञ काम करतात. त्यांचे संगणक निरनिराळ्या बनावटीचे, माहिती साठवण्याच्या रीतीही निरनिराळ्या. त्यामुळे एकाची टिपणे दुसऱ्याला मिळणे जिकिरीचे होई. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी यावर एक योजना मांडली. १९९० साली त्यांना नेक्स्ट कंपनीचा संगणक मिळाला: फूटभर लांब, रुंद आणि उंच असा काळा ठोकळा. वर्षअखेरपर्यंत पाने मागणारा ब्राउझर आणि पाने देणारा सर्व्हर अशा दोन्ही आज्ञावली त्याच यंत्रावर चालू लागल्या.

त्यांचे काम ग्रंथालयासारखे असते. वाचक खिडकीतून चिठ्ठी देतो, ग्रंथपाल पुस्तक आणून देतो. सुरुवातीच्या पद्धतीत ही चिठ्ठी एकाच ओळीची असे: अमुक पान दे. सर्व्हर डिस्कवरची फाइल वाचून पाठवी, आणि संभाषण संपे. मग वाचक आणि ग्रंथपाल एकाच घरात राहिले तर? काहीच बिघडत नाही. संगणकाला स्वतःशीच बोलता यावे म्हणून १२७.०.०.१ हा पत्ता राखून ठेवलेला आहे. त्या पत्त्यावर पाठवलेला निरोप यंत्राबाहेर जातच नाही. म्हणूनच इंटरनेट नसतानाही घरच्या संगणकावर सर्व्हर उभारून पाहता येतो.

ग्रंथपालाला एक अट मात्र पाळावी लागते. खिडकी उघडी हवी! बर्नर्स-ली यांच्या संगणकावर लाल शाईत लिहिलेली सूचना चिकटवलेली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका.

त्या काळी मिनेसोटा विद्यापीठाची ‘गोफर’ ही पद्धत वेबपेक्षा अधिक प्रचलित होती. १९९३ च्या सुरुवातीस विद्यापीठाने काही सर्व्हर-चालकांकडून शुल्क घेण्याचे ठरवले आणि अनेकजण बिचकले. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने वेबच्या मूळ आज्ञावलींवरील आपला हक्क सोडून त्या सर्वांना खुल्या केल्या. आता सर्व्हर चालवायला ना शुल्क, ना परवानगी. वेबच्या प्रसाराचे हे एक मोठे कारण ठरले.

इलिनॉय विद्यापीठात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हरही असाच मोफत मिळे. १९९४ मध्ये ते तेथून गेले, तेव्हा वापरणाऱ्यांनीच आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या. त्यातून १९९५ साली ‘अपाची’ जन्मला आणि १९९६ मध्ये तो जगात सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर बनला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स प्रणाली साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर चाले. या दोन्हींमुळे महागडे यंत्र घेण्याची गरज उरली नाही.

शिक्षकांनी यातून काय घ्यावे? आपण बहुतेक वेळा वेबचे नुसते वाचक असतो. वेबच्या रचनेत मात्र प्रत्येक यंत्राला ग्रंथपाल होण्याची मुभा पहिल्यापासूनच आहे. शाळेतले चार संगणक एकमेकांना जोडलेले असतील, तर त्यांतल्या एकाला सर्व्हर करा. पायथन भाषेच्या संचात एक छोटा सर्व्हर तयारच मिळतो. मुलांनी नोंदवलेल्या पावसाच्या मोजमापांचे पान त्यावर ठेवा आणि उरलेल्या तीन संगणकांवरून ते मागवा. असा सर्व्हर वर्गापुरताच ठेवावा. बाहेरच्या जगाला खुला करायचा तर सुरक्षेची वेगळी तयारी लागते. मग मुद्दाम सर्व्हर बंद करा आणि मुलांना विचारा, पान गेले कुठे? ते पान कोणत्या यंत्रावर होते आणि ते यंत्र कोणाच्या हाती होते, हे त्यांनीच शोधून काढावे.