उष्णताप्रिय सूक्ष्मजीव आणि प्रदूषक-विघटन : इंदूर पद्धतीचा विस्मृत संदर्भ

उष्णताप्रिय सूक्ष्मजीवांचा इतिहास सामान्यतः अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांपासून सांगितला जातो. ब्रॉक व फ्रीझ यांनी तेथे १९६६ मध्ये ‘थर्मस ॲक्वाटिकस’ हा जीवाणू मिळविला, हे खरेच. परंतु या जीवांना पद्धतशीरपणे कामाला लावण्याचा प्रयत्न त्यापूर्वीच इंदूर येथे झाला होता, याकडे प्रस्तुत लेखात लक्ष वेधावयाचे आहे.

१९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण व मूत्रमिश्रित माती यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी ढीग उलथून खत तयार केले. सूक्ष्मजीवांच्या श्वसनाची उष्णता आतच कोंडली गेल्याने असे ढीग ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापतात. तेथे उष्णताप्रिय जीवच कार्यरत राहतात. १९३१ च्या ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत. पुढील चर्चेत मात्र हॉवर्डच उरले!

१९९० च्या दशकात अमेरिकेतील युमाटिला लष्करी आगारात टीएनटीने दूषित झालेली माती शेण, लसूणघास व बटाट्याचा टाकाऊ भाग यांत मिसळून अशाच तापलेल्या ढिगांत शुद्ध करण्यात आली. अर्थात टीएनटीचा बराच अंश समूळ नष्ट न होता ह्यूमसशी बांधला जातो; तेव्हा ‘शुद्ध’ हा शब्द जपूनच वापरावा. नागपूरच्या अभ्यासकास हा प्रश्न परका नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेली व १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी संस्था याच शहरात आहे, आणि पुलगावचे दारूगोळा भांडार व भंडाऱ्याची आयुधनिर्माणीही फार दूर नाहीत.