एकबारी बंदूक आणि तिच्या अंगावरच्या खुणा

जुन्नरात इतिहासावर बोलायला उभे राहायचे आणि शिवनेरी बाजूला ठेवायची, हे धाडसच म्हणायचे. तरीही आज मी एका जुन्या हत्याराविषयी बोलणार आहे. एकदा भरायचे, एकदा उडवायचे आणि पुन्हा भरून होईपर्यंत थांबायचे, अशी ती शिकारीची एकबारी बंदूक. कोणाच्या घरी आजोबांच्या परवान्यावरची अशी एखादी राहिलेली असली, तर नातवाला वाटते की तिला नवी करून घ्यावी. नळी चकचकीत करावी, लाकडाला पॉलिश चढवावे, कातड्याचा नवा पट्टा लावावा. हेतू चांगला असतो. परंतु बंदुकीचा इतिहास तिच्या पृष्ठभागावर असतो, आणि घासकामाला सुरुवात नेमकी तिथूनच होते, एवढेच मला सांगायचे आहे.

मी पदवीधर इतिहासकार नव्हे. कामगार संघटनेच्या कामात आयुष्य गेले, वाचन झाले ते रात्री. त्यामुळे कोणतीही वस्तू हातात आली की ती कोणी मिरवली यापेक्षा ती कोणी घडवली आणि कोणाला बाळगू दिली, हे मला आधी विचारावेसे वाटते.

बाळगू देण्याचा प्रश्न आपल्या डोंगरांत फार जुना आहे. देवगावचे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर दहा वर्षेही झाली नव्हती, तोच १८५७ साली उत्तरेकडे वणवा पेटला. आणि ज्या महादेव कोळ्यांच्या मागे कंपनीचे शिपाई डोंगर तुडवीत होते, त्याच कोळ्यांची पलटण उभारण्याचे काम नटॉल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याकडे आले. गरज होती तोवर हत्यार दिले. १८६१ साली पलटण मोडली. दरम्यान १८६० मध्ये शस्त्रांचा कायदा आला होता. पुढे १८७३ पासून आंबेगावच्या जांभोरी गावचे होन्या केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड पुकारले. ते सरकारच्या हाती लागले १८७६ मध्ये. त्याच सुमारास, १८७५ च्या मे महिन्यात, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दस्तऐवजांची होळी केली. आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत तो प्रसिद्ध शस्त्रकायदा झाला. त्याच्या नियमांत युरोपियनांना परवान्याची सूट होती. शेताच्या बांधावर रानडुकरांशी झुंजणाऱ्याला नव्हती. राष्ट्रीय सभेने आपल्या पहिल्या काही वर्षांतच या कायद्याविरुद्ध ठराव केले, त्यामागे हा अपमान होता.

परवान्याचा हा भेद केवळ कागदावर राहिला नाही, तो लोखंडातही कोरला गेला. पूर्वीची एनफील्ड रायफल घ्या. तिच्या नळीच्या आत पेचदार खाचा असत. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाई आणि लांबवर नेमकी लागे. १८५७ च्या धड्यानंतर हिंदी शिपायांसाठी जी बंदूक काढली, तिच्या घडणीतून या खाचाच काढून टाकल्या. नळी आतून गुळगुळीत, नेम धरण्याची मागची पट्टी साधी. बाहेरून पाहणाऱ्याला हत्यार तेच दिसे; नेम मात्र जवळच्यापुरता उरे. बंदूक ‘नवी करण्याचे’ असले कौशल्य जगात क्वचितच दिसले असेल!

तिकडे गोऱ्या सैन्यासाठी वेगळीच डागडुजी चालली होती. १८६६ पासून जुन्या एनफील्ड रायफलींच्या नळीचा मागचा भाग कापून तेथे बिजागरीवर उजवीकडे उघडणारे ठोकळ्याचे झाकण बसवू लागले. आता दारू आणि गोळी तोंडातून गजाने ठासायला नको; मागून काडतूस सरकवले की झाले. ही युक्ती जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची. त्याच्या नावाने हजारो रायफली निघाल्या, आणि तो स्वतः १८६६ मध्येच कर्जबाजारी अवस्थेत वारला. शोध लावणाऱ्याची ही गत, तर कानस चालवणाऱ्याची काय सांगावी? १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिचा बाहेरचा घोडाच गेला. चापाखालची तरफ खाली ओढली की आतला ठोकळा उतरे. गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर आली. नेहमी एक पिढी मागे. आपल्या पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये निघाला, तो याच काळात.

आता खुणांकडे येऊ. स्नायडर रायफलीच्या घोड्याजवळच्या पट्टीवर पुष्कळदा रूपांतराआधीचे साल दिसते, कारण कळ जुनीच ठेवली होती. नळीवर चाचणीचे शिक्के असतात, दस्त्यावर कोठाराचे ठसे, कुठे परवान्याचा आकडा ठोकलेला. गावच्या लोहाराने बसवलेला नवा गज, सुताराने चिरलेल्या लाकडावर गुंडाळलेली पितळी तार, गाल टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा, हे सगळे त्या बंदुकीचे दफ्तरच. ते कोणत्याही कचेरीत मिळायचे नाही.

नळी फिरत्या चाकावर धरली की पाच मिनिटांत यातले निम्मे जाते. कडा बोथट होतात, अक्षरे पुसट होतात. (आणि चाकापुढे बसलेल्या पोऱ्याच्या नाकावर फडकेही नसते, हे जाता जाता सांगून ठेवतो.) जुना कारागीर असे करीत नसे. तो नळीचे तेल पूर्ण काढी, तिला तेजाबी द्रावाचा हलका हात देई आणि दमट जागेत ठेवी. मुद्दाम गंज येऊ द्यायचा! मग स्वच्छ पाण्यात नळी उकळली की तांबडा गंज काळा होतो. वरची सुटी भुकटी बारीक तारेच्या ब्रशाने झाडून पुन्हा तेच. असे सहा-सात वेळा, काही दिवस. गंजानेच गंजाला अडवायचे, अशी ही रीत आहे. तिने येणारा काळा रंग खोल आणि मंद असतो. तो आरशासारखा चमकू लागला तर समजावे, कोणीतरी घाई केली आहे.

लाकडाचे तसेच. परदेशी बंदुकीचा दस्ता बहुधा अक्रोडाचा. वाळूचा कागद मारला की लाकूड लोखंडापेक्षा खाली जाते आणि सांध्यापाशी पायरी पडते. ती पुन्हा भरून येत नाही. त्यापेक्षा खोलगट पोचेवर ओले फडके ठेवून वरून तापलेली इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. मग उकळलेले जवसाचे तेल, तेही थेंबभर, तळहाताने चोळून. एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा नाही. या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप पेटतात. पसरून वाळवावीत. दारूचे शिंग, गोळ्यांचा साचा, टोप्यांची डबी, जुना पट्टा हे सामान तर अजिबात बदलू नये. कातडे फाटले असेल तर फाटलेलेच ठेवावे.

याहून महत्त्वाची गोष्ट जिवाची आहे. जुन्या पट्टीच्या लोखंडाच्या, पीळ देऊन घडवलेल्या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब त्यांना पेलत नाही. रंगकाम नवे केले की नळी नवी दिसते आणि माणूस फसतो. म्हणून अशी बंदूक उडवण्याचा मोह धरू नये. दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडूनच करावी. तसा कायदा आहे. १९५९ च्या शस्त्रकायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कलमात घातला, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे युग संपवले. १९८५ पासून भीमाशंकरचे रान अभयारण्य आहे. म्हणजे आता या बंदुकीला शिकारीचे काम उरलेले नाही. ती साक्षीदार म्हणून राहिली आहे, आणि साक्षीदाराचे तोंड रंगवायचे नसते.

इंग्रजांच्या कायद्याची ती जुनी खोड बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यातही उमटली. तेथे दहा गोळ्यांच्या ली-एनफील्ड रायफलींच्या नळ्या बदलून पोलीस आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी चारशेदहा बोअरच्या एकबारी बंदुका केल्या. गोळ्यांच्या पेटीची जागा बुजवण्यासाठी तिच्यात लाकडाचा ठोकळा बसवला. अशी बंदूक कधी पाहायला मिळाली, तर वरची चकाकी सोडा आणि तो ठोकळा पाहा.