ध्यान : मनाला विसावा, शरीराला आधार

‘टेन्शन’ हा शब्द मराठी घरांत आता इतका रुळला आहे की, त्याला पर्यायी शब्द शोधण्याची गरज कोणाला भासत नाही. परीक्षा, कर्जाचे हप्ते, लोकलची गर्दी, नोकरीतील अनिश्चितता, घरातील आजारपण अशी त्याची कारणे अनेक. निद्रानाश, आम्लपित्त, डोकेदुखी, चिडचिड, वाढलेला रक्तदाब अशी त्याची रूपेही अनेक. त्यावर ‘ध्यान करा’ हा सल्ला वडीलधाऱ्यांकडून, योगवर्गांतून आणि अलीकडे डॉक्टरांकडूनही मिळू लागला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये ठराव संमत करून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून घोषित केला. त्यामुळे या प्राचीन साधनेला आरोग्याच्या क्षेत्रातही अधिकृत मान्यतेचे वलय लाभले आहे.

मात्र ध्यानाविषयी समाजात दोन टोकाची मते आढळतात. काहींच्या दृष्टीने ते सर्व व्याधींवरील रामबाण औषध आहे, तर काहींना ते निव्वळ डोळे मिटून बसणे वाटते. पहिल्या समजापोटी रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या परस्पर बंद करणारे रुग्ण संकट ओढवून घेतात. दुसऱ्या समजापोटी अनेक जण एका साध्या, बिनखर्चाच्या उपायाला मुकतात. गेल्या सहा दशकांतील वैद्यकीय संशोधन या दोहोंच्या मधली वाट दाखविते. ध्यानाचा लाभ होतो, पण तो औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या जोडीने.

ध्यान म्हणजे काय?

पतंजलींच्या अष्टांगयोगात यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी असा क्रम आहे. त्यात ध्यान हे सातवे अंग होय. म्हणजेच शिस्तबद्ध आचरण, स्थिर बैठक आणि श्वासाचे नियमन यांच्या पायावर ते उभे आहे. बौद्ध परंपरेत श्वासाचे निरीक्षण करणारी ‘आनापान’ आणि शरीरातील संवेदनांचे तटस्थपणे निरीक्षण करणारी ‘विपश्यना’ या साधना प्रसिद्ध आहेत. वारकरी घरांतील नामस्मरण आणि जपमाळ ओढणे यांतही एकाग्रतेचे तेच तत्त्व दिसते.

पद्धती निराळ्या असल्या तरी गाभा एकच. मन एका आलंबनावर ठेवायचे, ते भरकटले की लक्षात घ्यायचे आणि चिडचिड न करता परत आणायचे. विचार पूर्णपणे थांबविणे म्हणजे ध्यान, हा समज चुकीचा आहे. मन परत आणण्याची क्रिया हाच ध्यानाचा खरा व्यायाम होय.

प्रयोगशाळेतील ध्यान

योगक्रियांची शास्त्रीय चिकित्सा करण्याचा पाया महाराष्ट्रात घातला गेला. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे ‘कैवल्यधाम’ची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. पुढे १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूतील विद्युतलहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार अंश सेल्सियस तापमानाच्या थंडगार पाण्यात पाऊण तास हात बुडवून ठेवूनही दोन योग्यांच्या मेंदूत शांत जागृतावस्थेच्या ‘अल्फा’ लहरी कायम राहिल्या, असे त्यांना आढळले. अर्थात हे योगी दीर्घकाळ साधना केलेले होते आणि त्यांची संख्याही अत्यल्प होती. त्यावरून सर्वसामान्यांविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि रॉबर्ट कीथ वॉलेस यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत केलेल्या अभ्यासांत ध्यानाच्या वेळी प्राणवायूचा वापर आणि श्वसनाची गती कमी होते, असे दिसून आले. या अवस्थेला बेन्सन यांनी १९७५ मधील आपल्या पुस्तकात ‘शिथिलीकरणाचा प्रतिसाद’ म्हटले. एखादा शब्द, ध्वनी किंवा प्रार्थना पुनःपुन्हा उच्चारणे आणि मध्ये येणाऱ्या विचारांकडे शांतपणे दुर्लक्ष करणे, या दोन गोष्टी त्यासाठी पुरेशा असल्याचे त्यांचे म्हणणे होते.

शरीरात काय घडते?

धोका जाणवताच शरीरातील अनुकंपी मज्जासंस्था जागी होते. अॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात आणि पचन मंदावते. समोर वाघ असेल तर ही तयारी जीव वाचविते. परंतु वरिष्ठांचा फोन, वाहतुकीची कोंडी किंवा उद्याची चिंता यांमुळे ती दिवसभर चालू राहिली, तर शरीर झिजू लागते.

शांत बसून श्वास संथ केल्यास याच्या उलट काम करणाऱ्या परानुकंपी मज्जासंस्थेचा प्रभाव वाढतो. विशेषतः दीर्घ उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती कमी होते. इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये २३ निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेवरील प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे’चा जप या दोन्हींमुळे श्वसनाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली, तसेच रक्तदाब स्थिर राखणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक कार्यक्षम झाली. भाषा आणि धर्म वेगळे असले तरी शरीराने प्रतिसाद सारखाच दिला, हे येथे लक्षणीय आहे.

मनाच्या विकारांवर

डॉ. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेवर आधारित आठ आठवड्यांचा तणावनिवारण कार्यक्रम सुरू केला. आठवड्यातून एक वर्ग आणि घरी रोज सुमारे पाऊण तास सराव, असे त्याचे स्वरूप आहे. बहुतांश आधुनिक चाचण्या याच किंवा अशाच कार्यक्रमांवर झाल्या आहेत.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉ. माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्यांमधील ३ हजार ५१५ व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानामुळे मध्यम स्वरूपाचा दिलासा मिळत असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. मात्र औषधे, व्यायाम किंवा अन्य उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही.

नैराश्य पुन्हा उद्भवू नये यासाठी ध्यान व मानसोपचार यांचा मेळ घालणाऱ्या पद्धतीचा उपयोग अधिक ठोसपणे सिद्ध झाला आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २००४ मध्येच, तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्या रुग्णांसाठी तिची शिफारस केली. नऊ चाचण्यांमधील १ हजार २५८ रुग्णांच्या २०१६ मधील एकत्रित विश्लेषणात, ६० आठवड्यांच्या काळात आजार उलटण्याचा धोका या पद्धतीमुळे ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले.

चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांचा सजगता कार्यक्रम हा एस्सिटॅलोप्राम या प्रचलित औषधापेक्षा कमी परिणामकारक ठरला नाही. परंतु या रुग्णांनी प्रशिक्षित शिक्षकाकडे शिकून नियमित सराव केला होता, हे विसरता कामा नये. अधूनमधून पाच मिनिटे डोळे मिटण्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

पाठदुखी, रक्तदाब आणि झोप

जुनाट पाठदुखीच्या ३४२ रुग्णांवरील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सजगता कार्यक्रमात सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के रुग्णांच्या दैनंदिन हालचालींत सहा महिन्यांनंतर लक्षणीय सुधारणा दिसली. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४४ टक्के होते. ध्यानाने मणक्यातील दोष नाहीसा होत नाही. वेदनेमागोमाग येणारी भीती आणि त्रागा कमी होतो व त्यामुळे हालचाल सुकर होते.

रक्तदाब व हृदयविकार यांच्या बाबतीत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये सावध भूमिका घेतली. धोका कमी करण्यासाठी औषधे, आहार, व्यायाम व धूम्रपानत्याग यांना पूरक म्हणून ध्यानाचा विचार करता येईल, पण उपलब्ध पुरावा अद्याप मर्यादित आहे, असे तिचे मत आहे. निद्रानाशाबाबतही आशादायक चित्र आहे. झोपेच्या तक्रारी असलेल्या ४९ ज्येष्ठ नागरिकांवरील २०१५ मधील एका छोट्या चाचणीत, झोपेच्या सवयींचे शिक्षण घेतलेल्यांपेक्षा ध्यान शिकलेल्यांची झोप अधिक सुधारली.

अतिरंजित दावे

ध्यानाने मेंदूची रचनाच बदलते, असे वारंवार सांगितले जाते. दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्यकाचे काही भाग जाड असल्याचे २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. मात्र आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर मेंदूच्या रचनेत कोणताही फरक पडला नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक काटेकोर अभ्यासातून पुढे आले. ब्रिटनमधील ८०हून अधिक शाळांत आठ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीतही सजगतेचे धडे नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा सरस ठरले नाहीत. मुलांना सक्तीने डोळे मिटायला लावून फारसे काही साधत नाही, हा त्यातला बोध.

इगतपुरीचा धडा

या संदर्भात विपश्यनाचार्य सत्यनारायण गोएंका यांचे उदाहरण उद्बोधक आहे. ब्रह्मदेशात जन्मलेले हे उद्योजक तीव्र अर्धशिशीने त्रस्त होते. आराम पडावा म्हणून १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ एका शारीरिक व्याधीसाठी ही साधना शिकविण्यास गुरूंनी प्रथम नकार दिला. मनाची शुद्धी हे ध्येय आहे, व्याधी बरी होणे हे त्याचे आनुषंगिक फळ, अशी त्यांची धारणा होती. गोएंका यांनी ती अट मानली व त्यांची अर्धशिशीही दूर झाली. १९६९ मध्ये भारतात येऊन त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले, तर १९७६ मध्ये इगतपुरीचे ‘धम्मगिरी’ केंद्र उभे राहिले. १९९४ मध्ये तिहार कारागृहात एक हजारांहून अधिक कैद्यांसाठी शिबिर झाले.

या केंद्रांतील दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठून दिवसभरात सुमारे दहा तास ध्यान व मौन पाळावे लागते. गंभीर मनोविकार असलेल्यांनी शिबिरात येऊ नये, अशी सूचना आयोजकच देतात आणि अर्जात आजार व औषधांची माहिती मागतात. ती लपविणे धोक्याचे आहे.

कोणी सावध राहावे?

ध्यानाच्या अनिष्ट परिणामांविषयी ८३ अभ्यासांचा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे आठ टक्के व्यक्तींना चिंता वाढणे, उदासी किंवा विचारांतील गोंधळ असा काही त्रास झाल्याचे त्यात नमूद आहे. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

* रक्तदाब, मधुमेह, नैराश्य आदींची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद किंवा कमी करू नयेत.
* स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार किंवा तीव्र मानसिक आघाताचा इतिहास असल्यास मनोविकारतज्ज्ञांना विचारूनच ध्यान सुरू करावे.
* छातीत दुखणे, दम लागणे अशा वेळी ध्यान करीत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.
* ध्यानाने भीती वा अस्वस्थता वाढत असल्यास डोळे उघडावेत, थोडे चालावे आणि सराव थांबवून तज्ज्ञांशी बोलावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

सुरुवात कशी करावी?

* पहाटे किंवा संध्याकाळी एक वेळ ठरवून रोज दहा मिनिटे बसावे. भरल्या पोटी बसू नये.
* मांडी घालणे शक्य नसल्यास खुर्चीत बसावे. पाठ सरळ, खांदे सैल आणि पावले जमिनीवर टेकलेली असावीत.
* नाकपुड्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावे. तो मुद्दाम रोखू नये.
* मन भटकले की स्वतःला दोष न देता पुन्हा श्वासाकडे यावे. जपाची सवय असलेल्यांनी श्वासाऐवजी नाम घ्यावे.
* एक-दोन आठवड्यांनी वेळ हळूहळू वीस मिनिटांपर्यंत वाढवावी. परिणामाचा अंदाज किमान आठ आठवड्यांनंतरच घ्यावा.
* उठताना घाई करू नये. हात-पाय हलवून मग डोळे उघडावेत.

ध्यानाला साहित्य लागत नाही की पैसा लागत नाही. लागते ते सातत्य. नियमित व्यायाम, सकस आहार, पुरेशी झोप आणि डॉक्टरांचे उपचार यांच्या पंक्तीत त्याला बसविले, तर रोजची ही दहा-वीस मिनिटे मन आणि शरीर दोहोंच्या कामी येतील. मात्र उरलेल्या साऱ्यांची जागा त्याने घ्यावी, ही अपेक्षा ठेवू नये.