बळ आणि दम

लंडनची दुमजली बसगाडी मुंबईकरांना अपरिचित वाटू नये. गेल्या शतकाच्या मध्यास तिच्यावर दोन माणसे नोकरीस असत. एक दिवसभर पुढे बसून चाक फिरवी. दुसरा तिकिटे देत दोन मजल्यांच्या जिन्यावरून चढउतार करी. दोघेही एकाच आस्थापनेचे नोकर, एकाच थरातले. तथापि दोघांच्या हृदयाचे भवितव्य सारखे नव्हते, हे १९५३ साली उघड झाले; आणि बळ कमवावे की दम, हा जुना प्रश्न वैद्यकाच्या दारात येऊन उभा राहिला.

आपल्या तालमींना हा प्रश्न कधी फारसा पडला नव्हता. ‘अंगात ताकद आहे, पण दम नाही,’ एवढे म्हटले की पैलवानाच्या कुस्तीविषयी आणखी काही सांगावे लागत नसे. जोर-बैठकांची संख्या शेकड्यांवर गेली, की स्नायूंबरोबर छातीचा भाताही आपोआप कामाला लागे. वैद्यकाने मात्र या दोन गुणांचा विचार वेगवेगळा केला. त्यात प्रथम पाळी आली ती बळाची.

दुसऱ्या महायुद्धात गुडघे दुखावलेल्या अमेरिकन सैनिकांनी इस्पितळे भरून गेली होती. त्यांना हलका व्यायाम अनेक वेळा करावयास लावण्याचा प्रघात होता. थॉमस डिलॉर्म या तरुण लष्करी डॉक्टराने तो मोडला. डिलॉर्म स्वतः पूर्वी दीर्घ आजाराने अंथरुणास खिळले होते आणि वजने उचलून सुदृढ झाले होते. त्यांनी रुग्णांना जड वजने थोड्याच वेळा उचलावयास लावून भार क्रमाक्रमाने वाढवला. त्यांचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. वजने उचलणे म्हणजे केवळ पहिलवानी हौस नव्हे, तो उपचारही आहे, हे त्याने दाखविले.

त्यानंतर आला लंडनचा निष्कर्ष. डॉक्टर जेरी मॉरिस यांनी शहराच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांची माहिती तपासली. ड्रायव्हरांच्या तुलनेने कंडक्टरांना हृदयरोग कमी होई, उशिरा होई, आणि झाला तरी तो तितका घातक ठरत नसे. टपाल वाटणारे पोस्टमन व कचेरीत बसणारे कारकून यांच्यातही असाच भेद आढळला. परंतु मॉरिस सावध संशोधक होते. जाड माणसेच मुळात ड्रायव्हर होत असतील तर? त्यांनी गणवेशांची मापे पाहिली. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर खरोखरच मोठी निघाली, आणि तीही तरुण वयापासून. १९५६ साली त्यांनी ही अडचण न लपविता छापली.

म्हणून पुढे त्यांनी अशी माणसे निवडली, की ज्यांचे काम एकाच प्रकारचे, म्हणजे खुर्चीतले. ब्रिटनच्या हजारो सरकारी अधिकाऱ्यांना एका सोमवारी सकाळी, पूर्वसूचना न देता, मागच्या शुक्रवारी व शनिवारी त्यांनी काय काय केले ते लिहून देण्यास सांगण्यात आले. फावल्या वेळात जोमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके पुष्कळच कमी येतात, असे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. तत्पूर्वी १९६८ मध्ये अमेरिकन वायुदलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक निघाले होते. धावणे, पोहणे, सायकल चालविणे यांचे युग सुरू झाले. १९७८ साली अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या प्रमुख संस्थेने निरोगी प्रौढांसाठी व्यायामाचे प्रमाण सांगितले, तेव्हा त्यात भर दमावरच होता. वजनांना स्थान नव्हते.

बळाला पुन्हा न्याय मिळाला तो वृद्धांमुळे. बॉस्टनमधील एका वृद्धसेवागृहात मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षांच्या दहा दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी भार उचलण्याचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी हातातील काठी टाकली. हा वृत्तान्त १९९० सालचा. त्याच वर्षी उपर्युक्त संस्थेने आपल्या शिफारशींत बळाच्या व्यायामाचा समावेश केला.

या काठ्यांत साऱ्या वादाचा निवाडा आहे. उत्तम हृदय असूनही खुर्चीतून उठता येत नसेल, तर माणूस परावलंबी होतो. आणि दंड पिळदार असूनही हृदय थकले, तर त्या दंडांचा उपयोग काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम दमाचा व्यायाम सांगितला, आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा. पाऊणशे वर्षांच्या शोधानंतर वैद्यक जेथे पोहोचले, तेथे तालमीतील वस्ताद अनुभवाने आधीच उभा होता. मात्र त्याच्यापाशी मोजमाप नव्हते. ते बसच्या जिन्यांनी, विजारींच्या कंबरांनी आणि टाकून दिलेल्या दोन काठ्यांनी पुरविले.