भाच्याची मोटार आणि १९५३ सालचा एक सौदा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं माझ्या भाच्याकडे इंग्लंडला, कॉव्हेन्ट्रीजवळ, सहा आठवडे राहून आलो. घरच्या मंडळींनी त्या मुक्कामाचे फोटो पाहिलेच आहेत. शेक्सपिअरचं घर, हिची आणि भाचेसुनेची पुरणपोळी, सगळं त्यात आहे. एक गोष्ट मात्र त्या फोटोंत नाही, आणि सहा आठवड्यांतला माझा निम्मा वेळ तिच्यापाशीच गेला. ती म्हणजे भाच्याच्या गॅरेजातली मोटार. तिचा फोटो तो काढू देत नव्हता. "मामा, दार लागलं की काढा," एवढंच म्हणायचा.

मोटार म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर, १९६८ सालची. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी. कुणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली वीसेक वर्षं पडून होती, ती त्याने भंगाराहून थोड्या वरच्या भावात आणली. दोन हिवाळे तो तिच्यावर काम करत होता. भाचेसून आपली चालती गाडी दोन वर्षं रस्त्यावर पावसात लावत होती आणि त्याबद्दल काही बोलत नव्हती. हे न बोलणं फार दिवस टिकणारं नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशीच समजलं.

मला यंत्रातलं काही कळत नाही. सायकलची चेन बसवता येते, तेवढंच. पण मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे "हे असं का?" विचारण्याची खोड आहे. पहिलाच प्रश्न मी विचारला तो असा: दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारा तू, अख्खी मोटार घरच्या घरी सुटी कशी काय करतोस? तो म्हणाला, "कारण ही सुटी होते, मामा. आताची गाडी अशी होणार नाही. हिचा सांगाडा वेगळा आणि अंग वेगळं. बोल्ट काढले की अंग वर उचलायचं."

ती अशी का बनवली, याचं उत्तर शोधता शोधता मी १९५३ सालात जाऊन पोचलो.

कॉव्हेन्ट्रीत १९०३ साली स्थापन झालेली स्टँडर्ड मोटार कंपनी होती. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा तिने डबघाईला आलेली ट्रायम्फ विकत घेतली. त्या काळी बऱ्याच इंग्रज कंपन्या इंजिन, गिअर स्वतः करत आणि पत्र्याचं अंग दुसऱ्या कारखान्याकडून घेत. स्टँडर्डला हे अंग पुरवणारी कंपनी होती फिशर अँड लडलो. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस हे दोन जुने वैरी एक झाले, त्यांची ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशन झाली, आणि पुढच्याच वर्षी या कॉर्पोरेशनने फिशर अँड लडलो विकत घेतली. म्हणजे आपले कपडे शिवणारा शिंपी शेजारच्या भाऊबंदाने घरी नोकरीला ठेवला! चालू गाडीचे पत्रे मिळत राहिले, पण पुढच्या नव्या गाडीचे मिळणार नाहीत, हे स्पष्ट झालं.

इथे थोडं यंत्रशास्त्र सांगावं लागेल. तोवर मोटारी आगपेटीसारख्या होऊ लागल्या होत्या. आगपेटीला वेगळा सांगाडा नसतो, पुठ्ठ्याची घडीच तिची ताकद. तशी गाडी करायची तर अवाढव्य प्रेस आणि साचे लागतात, आणि ते ज्याच्याकडे असतील त्याच्या दारात उभं राहावं लागतं. स्टँडर्डला दार उघडेना. तेव्हा मुख्य इंजिनिअर हॅरी वेब्स्टर यांनी काळाच्या उलट दिशेने पाऊल टाकलं. जुन्या पद्धतीचा लोखंडी सांगाडा पुन्हा आणला आणि अंगाचे तुकडे पाडले. एक तुकडा या कारखान्यात, दुसरा त्या कारखान्यात, आणि शेवटी सगळे बोल्टने जोडायचे. तुरीनच्या जोव्हानी मिकेलोत्ती या कलावंताने त्याला देखणं रूप दिलं. १९५९ साली ही गाडी बाजारात आली. तिचं नाव ट्रायम्फ हेरॉल्ड.

हेरॉल्ड म्हटल्यावर माझ्या वयाच्या वाचकांचे कान टवकारले असतील. हो, तीच. तुकड्यांची गाडी असल्यामुळे ती पेट्यांतून परदेशी पाठवून जोडणंही सोपं होतं, आणि मद्रासच्या स्टँडर्ड मोटार प्रॉडक्ट्सने १९६१पासून ती आपल्याकडे आणली. वाईला आमच्या आळीच्या तोंडाशी एका डॉक्टरांकडे पांढरी हेरॉल्ड होती. पाचगणीला व्हिजिटला गेले की पसरणीच्या घाटात ती तापायची. परत आल्यावर डॉक्टर बॉनेट उघडत, आणि ते बघायला आम्ही मुलं धावत जायचो. कारण हिचं बॉनेट इतर गाड्यांसारखं झाकण नव्हतं. दिवे, मडगार्ड, सगळं तोंडच्या तोंड पुढे उलटायचं. मगरीने जबडा उघडावा तसं. डॉक्टर चाकावर बसून, चहाचा कप हातात धरून आत डोकवायचे. गल्लीत गाडी एका दमात वळायची त्याचंही आम्हाला अप्रूप होतं. २५ फुटांच्या वर्तुळात ती पुरी फिरते, हे मात्र आता वाचलं.

पुढे मद्रासवाल्यांनी तिला चार दारं केली, १९७२ साली गॅझेल काढली, वगैरे. तो वेगळा विषय आहे.

तर ही हेरॉल्ड स्पिटफायरची आई. तिच्याच सांगाड्यावर एक छोटी स्पोर्ट्स गाडी करावी म्हणून मिकेलोत्तींनी नमुना तयार केला होता. पण कंपनीचा पैसा संपला आणि नमुना कोपऱ्यात पडला. १९६१ साली लेलँडने (आपल्या अशोक लेलँडमधलं लेलँड, तेच) कंपनी ताब्यात घेतली. नवे मालक कारखाना बघत फिरत असताना त्यांना कापडाखाली झाकलेली ही गाडी दिसली आणि त्यांनी ती करायला सांगितली, अशी हकिगत ट्रायम्फच्या इतिहासात सांगतात. १९६२च्या ऑक्टोबरात ती लंडनच्या प्रदर्शनात आली, लढाऊ विमानाचं नाव घेऊन. १९८०पर्यंत सुमारे ३ लाख १४ हजार गाड्या झाल्या. भाच्याची गाडीही कापडाखालीच सापडली, यात त्याला काहीतरी संकेत वाटतो. मला वाटत नाही. पडून राहिलेल्या वस्तूवर लोक कापड टाकतातच.

आता दाराकडे येतो.

स्पिटफायर बुटकी आणि हलकी हवी, म्हणून हेरॉल्डच्या सांगाड्याच्या दोन्ही कडांचे रूळ काढून टाकले. मधला कणा तेवढा राहिला. मग कडांची ताकद कुठून आणायची? तर दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पेटीतून. इंग्रजीत तिला सिल म्हणतात, मी उंबरा म्हणतो. हेरॉल्डमध्ये उंबरा नुसता शोभेचा, स्पिटफायरमध्ये तो घराचा भार घेतो. शिवाय डोक्यावर टप नाही, त्यामुळे उंबरा गेला की गाडी मध्यभागी पोटात वाकते आणि दाराची चौकट वरच्या बाजूला आवळते. आणि तिकडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, ते नेमकं याच पेटीत जाऊन बसतं. १९६० साली तिकडे जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली, पुढे ती तीन वर्षांवरच्या सगळ्या गाड्यांना लागू झाली. त्या तपासणीतून पार पडण्यापुरती ठिगळं लोक उंबऱ्यावर मारत आले. भाच्याच्या गाडीच्या एका बाजूला अशी तीन ठिगळं एकावर एक निघाली.

दार का लागत नाही, हे मात्र त्याने मला तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. रात्री अकरा वाजता, गॅरेजात, हळू आवाजात. आदल्या हिवाळ्यात त्याने दोन्ही उंबरे एकदम कापून काढले होते. चौकटीला आधी आतून आडवा दांडा लावून आधार द्यायचा असतो, तो दिला नव्हता. नवे उंबरे जोडून झाल्यावर दार बसवायला गेला तर ते वरच्या कोपऱ्यात अडकतंय. वाकलेल्या अंगाला त्याने नव्या पत्र्याने वाकलेलंच पक्कं केलं होतं. घरात त्याने सांगितलं होतं की बिजागऱ्यांची वाट बघतोय. "आता काय करू मामा? दुसरं अंग विकत घेतलं तर हिला सांगावं लागेल. आणि मग ही गाडी तरी कुठली म्हणायची?"

हा शेवटचा प्रश्न मी इतिहासाच्या वर्गात किल्ल्यांबद्दल बऱ्याचदा विचारला आहे. डागडुजी करता करता मूळचा दगड किती राहिला की किल्ला तोच? पण रात्री अकराला त्याला त्या चर्चेचा उपयोग नव्हता. मी म्हटलं, आधी मोजू या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चौकटींचे कर्ण मोजले. टेप मी धरली, आकडे मीच वहीत लिहिले. उजवी बाजू ४ मिलिमीटर, डावी ११ मिलिमीटर चुकत होती. उजव्या बाजूला दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा चौकटीत वेल्ड करायचा, उंबरा पुन्हा कापायचा, दांडा पाव-पाव आटा फिरवून चौकट उघडायची, आणि कर्ण जुळले की उंबरा पुन्हा जोडायचा, असं ठरलं. ठरवण्याआधी मी त्याला स्वयंपाकघरात पाठवलं. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. अर्ध्या तासाने भाचेसून चहा घेऊन गॅरेजात आली आणि म्हणाली, "मामा, अकरा मिलिमीटर म्हणजे किती, दाखवा बघू." मी वहीच्या कडेवर दाखवलं. ती हसली, पण फार नाही.

शेजारच्या रस्त्यावर एक आजोबा राहतात, त्यांनी तरुणपणी कॅनलीच्या कारखान्यात काम केलं होतं. जिथे स्पिटफायर जोडल्या जात तोच हा कारखाना. १९८०च्या ऑगस्टमध्ये शेवटची पिवळी गाडी बाहेर पडली आणि तिथली मोटारींची जोडणी बंद झाली. ती गाडी विकली गेली नाही, संग्रहालयात गेली. इमारती पुढे पाडल्या, आता तिथे बिझनेस पार्क आहे. भाच्याने मोठ्या आशेने आजोबांना दार दाखवायला बोलावलं. त्यांनी दारावर एकदा हात फिरवला, मागे सरले आणि म्हणाले, "ही दारं मी आयुष्यात पुरेशी लावली आहेत." आणि निघून गेले. भाच्याला वाईट वाटलं. मला त्यांचं म्हणणं पटलं. निवृत्तीनंतर मला कुणी पेपर तपासायला बोलावलं तर मीही तेच म्हणेन.

इंजिनाचं काम मात्र सुरळीत होतं. १९५३ सालच्या स्टँडर्ड एटच्या ८०३ सीसी इंजिनाचंच ते वाढत गेलेलं रूप, यात १२९६ सीसी. म्हणजे वाईच्या डॉक्टरांच्या ९४८ सीसी हेरॉल्डचं सख्खं भावंड. त्याची एक खोड भाच्याने दाखवली. एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने पुढची पुली बघायची. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढेमागे सरकली, तर आतल्या चंद्रकोरीएवढ्या चकत्या झिजल्या असं समजायचं. मी चाकावर बसून बघत होतो. सरकली नाही. चहाचा कप हातात होता, आणि क्षणभर घाटात तापलेल्या रबराचा तो वास आल्यासारखा वाटला.

आम्ही निघालो त्याच्या दोन दिवस आधी उजवं दार लागलं. एका बोटाने ढकललं, टक् असा आवाज आला. भाच्याने ते वीसेक वेळा उघडून लावलं. फोटो काढायला मात्र तेव्हाही नाही म्हणाला. डावीकडचे ११ मिलिमीटर बाकी आहेत.

परवा फोन आला होता. डावा उंबरा कापला आहे, दांडा लावला आहे, सात मिलिमीटर उघडले. तिकडे आता थंडी पडली आहे, वेल्डिंगला बोटं वळत नाहीत, म्हणून काम थांबलंय. भाचेसुनेची गाडी अजून रस्त्यावरच आहे. माझी वही तिथेच राहिली, ती पाठवू नकोस म्हणून सांगितलं.